कृष्णेचं पाणी नेमकं कुठं गेलं? दीडशे वर्षांचा हिशेब



आपल्याकडं पारावर, डेअरीत, कारखान्याच्या वजनकाट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "पूर्वीसारखा पाऊस आता राहिला नाही." आणि हेच बोलणारी माणसं दोन वर्षांनी पुलावर उभी राहून पुराची पातळी बघत असतात. पाऊस कमी झाला असेल तर पूर कसा वाढला? आणि पूर वाढला असेल तर उन्हाळ्यात ओढा कोरडा का? गेल्या दोन उन्हाळ्यांत कामातून सवड काढून या प्रश्नावर जे मिळेल ते वाचलं. जुनं गॅझेटियर, पाणीवाटप लवादाचे आकडे, हवामानशास्त्रज्ञांचं काम. त्यातून जो हिशेब लागला तो आज मांडतो. लेख लांब आहे, पण एकदा निवांत वाचा.

"पाऊस कमी झाला" म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो. पहिली, डोंगरावर वर्षात एकूण पाणी किती पडतं. दुसरी, ते किती दिवसांत पडतं. तिसरी, पडलेलं पाणी डोंगर किती दिवस धरून ठेवतो. या तिन्हींचा इतिहास वेगवेगळा आहे. तो वेगळा केला नाही तर भांडण नुसतं वाढत जातं.

आधी आपल्या नदीचा डोंगर बघू. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच ते सहा हजार मिलीमीटर पाऊस पडतो. तिथून वीसेक किलोमीटरवर पाचगणी, तिथं तो तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो. खाली घाट उतरून वाईत आलं की हजाराच्या आत. आणखी पूर्वेला खटाव, माण, आटपाडीकडं गेलं की नुसतं ढगांकडं बघत बसायचं. म्हणजे कृष्णा, कोयना, वेण्णा, वारणा या नद्या मोठ्या दिसतात, पण त्यांचं नशीब ठरतं ते माथ्यावरच्या जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात. आपल्या शिवारात पडलेल्या पावसानं आपलं पीक येतं. नदी मात्र डोंगराच्या पावसावर जगते.

या पट्ट्याची काळजी पहिल्यांदा लिहून ठेवणाऱ्यांपैकी एक होता अलेक्झांडर गिब्सन. कंपनी सरकारचा डॉक्टर, पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख. १८४७ साली मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक म्हणून त्याला नेमलं. कोकण आणि घाट फिरून त्यानं सरकारला कळवलं की जिथं डोंगर उघडा पडतो तिथले झरे आणि ओढे लवकर आटतात आणि खाड्या गाळानं भरतात. त्याच वर्षी लंडनहून कंपनीच्या संचालकांनी झाडांचा हवामानावर काय परिणाम होतो याची चौकशी करायला सांगितलं. मद्रासकडं एडवर्ड बाल्फोर नावाच्या डॉक्टरनं १८४९ मध्ये याच विषयावर टिपण लिहिलं. म्हणजे आज आपण पारावर ज्यावर वाद घालतो, तो वाद पावणेदोनशे वर्षं जुना आहे.

गंमत बघा, चौकशी एका बाजूला आणि तोड दुसऱ्या बाजूला. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. रुळाखालच्या स्लीपरांना लाकूड लागलं, वाढत्या शहरांच्या चुलींना कोळसा लागला. मग १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ पडला. १८७८ मध्ये जंगल कायदा आला आणि गावकऱ्यांची चराईची, लाकडाफाट्याची रानं सरकारच्या ताब्यात जायला लागली.

यावर आपल्या माणसानं लिहिलेलं वाचायचं असेल तर महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' वाचावा. १८८३ सालचं पुस्तक. त्यात फुल्यांनी जंगलखात्यानं कुरणं हिसकावल्याबद्दल तर सुनावलंच, पण पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. डोंगरावरून पालापाचोळा आणि शेणमूत वाहून येऊन पूर्वी जमिनीला खत मिळायचं हे त्यांनी ओळखलं होतं. सरकारनं आपल्या पलटणीतल्या आणि पोलिसातल्या फावल्या माणसांकडून ठिकठिकाणी ताली आणि बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचं पाणी शेतात मुरून मग ओढ्या-नदीला मिळेल, अशी त्यांची सूचना होती. आधी मुरावं, मग वाहावं. आज पाणलोट विकासाच्या प्रशिक्षणात जे शिकवतात तेच या सूचनेतही दिसतं.

आता पहिला प्रश्न. एकूण पाणी कमी झालं का?

भारतात हवामान खातं १८७५ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून देशभर एका पद्धतीनं पाऊस मोजायला सुरुवात झाली. देशाच्या पावसाळ्याची सरासरी १९६१ ते २०१० या वर्षांवरून ८८०.६ मिलीमीटर धरली जायची. पुढं १९७१ ते २०२० धरून ती ८६८.६ झाली. फरक १२ मिलीमीटरचा. चार महिन्यांच्या पावसात १२ मिलीमीटर म्हणजे एक बरी सर. एवढ्यानं ओढे आटत नाहीत.

पण तो झाला देशाचा आकडा. आपल्या नदीचं काय? कृष्णेची सर्वात लांबलचक नोंद सापडते ती पार खालच्या टोकाला, विजयवाड्याला. तिथं १८५० च्या दशकात बंधारा बांधला होता. कृष्णेच्या पाण्याचं भांडण बच्छावत लवादापुढं गेलं तेव्हा त्यांनी या बंधाऱ्यावरची १८९४-९५ ते १९७१-७२ अशी ७८ वर्षांची मालिका घेतली. त्यावरून चारपैकी तीन वर्षं हमखास मिळेल असं पाणी २०६० टीएमसी धरलं आणि त्यातलं महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्राला ८०० दिलं. नंतर दुसऱ्या लवादानं १९६१-६२ ते २००७-०८ ही ४७ वर्षं घेतली, तेव्हा तोच आकडा २१७३ टीएमसी आला. म्हणजे खोऱ्याचं उत्पन्न घटलेलं दिसत नाही, उलट थोडं जास्तच दिसतं.

मग समुद्राला मिळणाऱ्या पाण्याचं काय झालं बघा. १९०१ ते १९६० या काळात कृष्णा वर्षाला सरासरी सुमारे ५७ अब्ज घनमीटर पाणी समुद्रात सोडायची. १९९४ ते २००३ या दहा वर्षांत ते ११ अब्जांच्या आसपास आलं. पावसात तेवढी घट झालेली नाही. मधलं पाणी धरणांनी, कालव्यांनी, उपशांनी आणि विहिरींनी उचललं. तुमच्या माझ्या उसानं उचललं म्हणा. हे मी कुणाला दोष द्यायला सांगत नाही. त्या पाण्यावर आपली पोरं शिकली. पण "पाऊस कमी झाला म्हणून नदी आटली" हे मोठ्या नदीबद्दल म्हणताना आधी आपल्या मोटारी मोजाव्यात.

शिवाय सगळंच पाणी पूर्वेला येत नाही. कोयनेचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला उतरवून पोफळी-अलोऱ्याला वीज होते आणि ते पाणी वाशिष्ठीला मिळून चिपळूणकडून समुद्राला जातं. लवादानं त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची परवानगी दिली आहे. टाटांच्या धरणांतूनही भीमेच्या खोऱ्यातलं पाणी असंच कोकणात उतरतं. दुष्काळात वीज की शेती हा वाद दरवेळी का उठतो ते यावरून समजेल.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कऱ्हाडजवळ खोडशीला १८६० च्या दशकात कृष्णेवर बंधारा घालून कालवा काढला. वर मोठं धरण नव्हतं. नदीत जे वाहतं तेच वळवायचं. तेव्हा हिवाळ्या-उन्हाळ्यात जे पाणी वाहायचं ते डोंगरानं स्वतः धरून ठेवलेलं आणि झऱ्यांतून सोडलेलं असायचं. आज मार्च-एप्रिलमध्ये कऱ्हाड ते सांगली नदीला जे पाणी दिसतं ते मुख्यतः कोयना, धोम, कण्हेर या धरणांतून सोडलेलं असतं. त्यामुळं आजच्या नदीकडं बघून डोंगराची तब्येत कळत नाही. नदी दाराच्या कुलपावर चालते. डोंगराची तब्येत बघायची तर ज्याच्यावर धरण नाही असा बारका ओढा बघायचा, वाडीवरचा झरा बघायचा.

दुसरा प्रश्न, पाऊस किती दिवसांत पडतो. खरा बदल इथं आहे.

शास्त्रज्ञांनी १९५१ ते २००० या पन्नास वर्षांचा मध्य भारताचा रोजचा पाऊस तपासला आणि २००६ मध्ये निष्कर्ष मांडला. हंगामाची बेरीज फारशी बदलली नाही. पण दिवसाला १०० मिलीमीटरच्या वरचे पाऊस वाढले आणि मध्यम पाऊस कमी झाले. बेरीज तीच, हप्ते वेगळे. २०१७ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतून दुसरा अभ्यास आला. १९५० ते २०१५ मध्ये मोठ्या क्षेत्रावर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना जवळपास तिप्पट झाल्या, आणि त्यांना वाफ पुरवण्यात अरबी समुद्राचा मोठा हात आहे असं त्यात दाखवलं. आपला घाट या अभ्यासाच्या चौकटीच्या कडेला येतो, पण आपले ढगही त्याच समुद्रातून येतात. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते. मोठी टाकी भरायला वेळ लागतो आणि रिकामी झाली की धो धो होते, तसंच आभाळाचं झालंय. मधले खाडे लांबले आणि सर आली की झोडपून काढते.

उदाहरणं तुम्हाला पाठ आहेत. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलीमीटर पाऊस झाला. सांगोला, आटपाडीकडं एवढा पाऊस अख्ख्या वर्षात झाला तरी आपण वर्ष बरं गेलं म्हणतो. याच्या उलट ऑगस्ट २०२३. देशात १९०१ पासूनच्या नोंदींत एवढा कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. ऐन भरात आलेलं सोयाबीन आपण माना टाकताना बघितलं. आणि २०२५ मध्ये मे महिन्यातच पावसाळा येऊन ठेपला, मशागतीला वापसा मिळाला नाही. तीन वर्षं, तीन तऱ्हा.

आता हिशेब करू. कोयना धरणाचं पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर. त्यावर सगळीकडं १०० मिलीमीटर पाऊस झाला आणि सगळं पाणी वाहून आलं असं धरलं, तर ३.१५ टीएमसी होतात. हेच एका दिवसात ५०० मिलीमीटर झाले तर पावणेसोळा टीएमसी. धरणाची पूर्ण साठवण १०५.२५ टीएमसी. म्हणजे धरणाचा सातवा हिस्सा एका दिवसात. एक टीएमसी दिवसभरात सोडायचा तर साधारण साडेअकरा हजार क्युसेक लागतात. पावणेसोळाला किती? एक लाख ऐंशी हजारांच्या वर. हेच ५०० मिलीमीटर पंधरा दिवसांत पडले असते तर धरण हळूहळू भरलं असतं आणि खाली कुणाला कळलंही नसतं. पाणी तेवढंच. दिवस बदलले की नदी बदलते.

म्हणून सांगलीच्या आयर्विन पुलावर ४५ फूट ही धोक्याची पातळी असताना २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ आणि २०२१ मध्येही ते पन्नाशीच्या पुढं होतं. आणि या पुरांच्या मधे, एप्रिल २०१६ मध्ये, त्याच सांगली जिल्ह्यातल्या मिरजेहून लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं न्यावं लागलं. एका दशकात एकाच राज्यानं दोन्ही बघितलं.

तिसरा प्रश्न, डोंगर पाणी किती धरतो. यावर मतं लई, मोजमाप थोडं.

गिब्सनच्या काळी बऱ्याच जणांना वाटायचं की झाडं पाऊस आणतात. आपल्या घाटापुरतं बोलायचं तर पाऊस आणतो तो डोंगर. समुद्रावरची ओली हवा सह्याद्रीला अडते, वर चढते, थंड होते आणि कोसळते. झाडं तोडली म्हणून महाबळेश्वरचा पाऊस वाईएवढा होणार नाही. पण पडलेल्या पाण्याचं काय होणार हे मात्र झाडं, गवत आणि माती ठरवतात. जुन्या रानात पालापाचोळा असतो, मुळांच्या, वाळवीच्या, खेकड्यांच्या बिळांतून पाणी आत जातं. तेच उघड्या, तुडवलेल्या, नांगरलेल्या उतारावर थेंबाचा मार बसून मातीचं तोंड बंद होतं आणि पाणी वरच्या वर पळतं. सोबत मातीही नेतं. मग तेच पाणी जुलैत पूर म्हणून भेटतं आणि मार्चमध्ये झरा म्हणून भेटत नाही.

पण कुठलंही झाड लावलं की झरा परत येतो हाही भाबडेपणा. तमिळनाडूत निलगिरी डोंगरावर उटीजवळ शेजारच्या दोन पाणलोटांवर वीस वर्षं मोजमाप केलं. एका ठिकाणी मूळचं गवत आणि शोला रान ठेवलं, दुसऱ्या ठिकाणी निलगिरीची झाडं लावली. निलगिरीच्या पाणलोटातून येणारं पाणी पहिल्या दहा वर्षांत सुमारे १६ टक्के आणि तोडीनंतर फुटव्यांच्या दुसऱ्या दहा वर्षांत सुमारे २५ टक्के घटलं. झाडही पाणी पितं. म्हणून डोंगरावर मूळचं रान राखणं, गवताला उसंत देणं, देवराया न तोडणं हे रोपांच्या आकड्यांपेक्षा जास्त कामाचं आहे. उतार कापून रस्ते आणि घरं काढताना तर दहादा विचार करावा. ३० जुलै २०१४ ला माळीण गेलं. २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आला. कमी वेळात पडणारा पाऊस आता तिथं नेहमीचा पाहुणा असणार आहे, हे धरूनच चालावं लागेल.

मग आपण शेतकऱ्यांनी या सगळ्यातून घ्यायचं काय? मला तीन गोष्टी दिसतात.

एक, वर्षाची बेरीज बघून पीक ठरवू नका. "सरासरीच्या १०० टक्के पाऊस" या बातमीत तीन आठवड्यांचा खाडा लपलेला असू शकतो. एकरावर १०० मिलीमीटर पाऊस म्हणजे चार लाख लिटर पाणी. ते दहा दिवसांत आलं तर जमिनीत जातं, तीन तासांत आलं तर बांध फोडून जातं. रानातून जादा पाणी काढायला चर आणि खाड्यात टिकायला जमिनीत सेंद्रिय कर्ब, दोन्ही तयारी एकाच रानात लागणार.

दोन, फुल्यांचं सूत्र धरा. आधी मुरावं, मग वाहावं. ताली दुरुस्त करणं, उताराला आडवी पेरणी, बांधावर गवत. वरच्या वाडीतला शेतकरी जेवढं मुरवेल तेवढा खालच्याचा पूर कमी आणि वरच्याचीच विहीर जास्त दिवस टिकते. आपण खालच्या ऊसपट्ट्यातल्यांनी वरच्यांना नुसतं झाडं तोडू नका म्हणून सांगायचं, हे बरोबर नाही. त्यांच्या राखलेल्या रानाचा फायदा आपल्या जॅकवेलला होतो, तर त्यांच्या खर्चात आपला वाटा का नको?

तीन, नोंद ठेवा. सरळ बाजूचा, सपाट बुडाचा कुठलाही डबा झाडाच्या आणि भिंतीच्या आडोशाबाहेर सपाट ठेवा. सकाळी साडेआठला आत किती मिलीमीटर पाणी आहे ते पट्टीनं मोजा आणि डबा रिकामा करा. डबा लहान का मोठा, फरक पडत नाही. अडीच मिलीमीटर किंवा जास्त पडला तर तो पावसाचा दिवस, साडेचौसष्टच्या पुढं गेला तर जोराचा पाऊस, ही हवामान खात्याची मोजणी आहे. मंडळातलं पर्जन्यमापक दहा-बारा किलोमीटरवर असतं आणि वळवाची सर एका शिवारात पडून दुसऱ्या शिवाराला वगळते हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि एक तारीख दरवर्षी न चुकता लिहा. आपला ओढा वाहायचा कधी थांबला? दहा-वीस वर्षांच्या अशा तारखा म्हणजे त्या डोंगराचा दवाखान्यातला कागद आहे. पाऊस चांगला असूनही तारीख मागं मागं सरकायला लागली, तर एक तर डोंगराची धारणा कमी होतीय नाहीतर वरचा उपसा वाढलाय. दोन्हीवर गावात बसून बोलता येतं, पण कागद हातात असला तरच.

विजयवाड्याच्या बंधाऱ्यावर कुणीतरी ७८ वर्षं रोजची पातळी लिहीत राहिलं, म्हणून तीन राज्यांना पाणी वाटता आलं. त्या कारकुनांची नावं आज कुणाला माहीत नाहीत, पण आपल्या ५६० टीएमसीचा पाया त्यांच्या वह्या आहेत. नदीच्या शेवटाच्या नोंदी अशा जपल्या गेल्या. तिच्या सुरुवातीचे झरे मात्र बहुतेक गावांत म्हाताऱ्यांच्या आठवणीतच राहिलेत. पाण्याचं पुढचं भांडण टीएमसीचं कमी आणि दिवसांचं जास्त असेल. कुठल्या आठवड्यात कुणाच्या वाट्याला किती. तेव्हा ज्याची वही असेल त्याचं ऐकलं जाईल.

मृग लागायच्या आत डबा आणि वही तयार ठेवा. आणि ओढा आटल्याच्या जुन्या तारखा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आत्ताच लिहून घ्या.